ट्रकचालकाचे थकलेले वेतन



दिवाळीनंतर धानाचा हंगाम भरात आला की गोंदिया जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. गोरेगाव, आमगाव, अर्जुनी मोरगावकडील खरेदी केंद्रांवरून धानाची पोती राईस मिलकडे निघतात आणि भरडलेला तांदूळ गोदामांकडे. कोहमाऱ्याहून देवरीमार्गे छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या महामार्गावर रात्रभर ट्रकांची रांग तुटत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तांदळाचा म्हणून ओळखला जातो. पण त्या तांदळाच्या पोत्यामागे चाकावर बसलेला जो माणूस आहे, त्याची ओळख समाजाला फारशी नाही.

समजा, देवरी तालुक्यातील एक चालक आहे. वेतन महिन्याचे ठरलेले, फेरीमागे भत्ता वेगळा. ठराव तोंडी. पहिले दोन महिने पैसे वेळेवर मिळतात. पुढे मालक म्हणतो, ‘हिशेब फेरी संपल्यावर करू.’ फेरी संपते, तेव्हा वहीत नवनव्या रकमा निघतात. धानात घट आली, टायर फुटला, डिझेलचा ॲव्हरेज बसला नाही, चलान भरावे लागले. शेवटी चालकाकडूनच येणे निघते! तो काम सोडू म्हणतो, तर त्याचा मूळ परवाना मालकाच्या कपाटात. घरी मुलीच्या शाळेची फी थकलेली आणि किराणा दुकानदाराने उधारी बंद केलेली. हे चित्र कल्पनेतले असले तरी वाहतूक व्यवसायाशी परिचित असलेल्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

कायद्याची बाजू काय आहे? १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा यांच्या जागी आता वेतन संहिता, २०१९ आली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्याला वेतनाची कमाल मर्यादा होती. २०१७ पासून ती दरमहा २४,००० रुपये होती. नव्या संहितेत अशी मर्यादा नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत दिलेच पाहिजे. कामावरून काढले किंवा चालकाने स्वतः काम सोडले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. ‘फेरी संपल्यावर बघू’ या वाक्याला कायद्यात स्थान नाही.

कपातीविषयी मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण खरी फसवणूक तेथेच होते. सोपवलेल्या मालाचे नुकसान चालकाच्या प्रत्यक्ष हलगर्जीपणामुळे झाले असेल, तरच ते वेतनातून कापता येते. तेही त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर आणि नुकसानीच्या रकमेपुरतेच. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. झिजलेला टायर फुटला, तर त्यात चालकाचा हलगर्जीपणा कोणता? ओला धान वाळून वजन घटले, तर त्याचा दोष निसर्गाचा की स्टिअरिंगवर बसलेल्याचा?

वेतन मिळाले नाही, तर संहितेच्या कलम ४५ नुसार नियुक्त प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करता येतो. तो स्वतः चालक करू शकतो, त्याची नोंदणीकृत कामगार संघटना करू शकते किंवा कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो. मुदत तीन वर्षांची आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती बारा महिन्यांची होती आणि महिनोन्‌महिने रस्त्यावर असणाऱ्या माणसाची ती सहज टळत असे. दावा मान्य झाल्यास मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असेही संहिता सांगते. (प्रयत्न हा शब्द सरकारी कचेरीत किती लवचीक असतो, ते श्रोत्यांना ठाऊक आहे.) निकालानंतरही मालकाने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

सर्वांत महत्त्वाचे आहे कलम ५९. वेतन दिले, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. ‘दिले नाही’ हे चालकाने सिद्ध करायचे नाही. पण आपण त्या मालकाकडे कामाला होतो, एवढे तर त्याला दाखवावेच लागते, आणि तोंडी ठरावाची माणसे तेथेच अडतात. ‘हा कोण? कधी एखादी फेरी मारली असेल,’ असे म्हणून मालक हात झटकतो. म्हणून काटा पावती, बिल्टीची प्रत, मिलचा गेट पास, टोलनाक्याची नोंद, डिझेलची पावती, मोबाईलवर आलेले ‘गाडी घेऊन रायपूरला निघ’ यासारखे निरोप, बँक खात्यात आलेली खर्ची, यांतले काहीही फेकून देऊ नये. सर्वांची छायाचित्रे काढून घरी पाठवून ठेवावीत. एका वहीत तारीख, गाडी क्रमांक, कोठून कोठे आणि मिळालेली रक्कम लिहावी. दाव्याआधी येणे रकमेचा लेखी तपशील स्पीड पोस्टने मालकाला पाठवावा व पोच जपून ठेवावी.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळली पाहिजे. संतापाच्या भरात गाडी किंवा माल अडवून ठेवला की पैसे मागणाराच आरोपी ठरतो. २०२३ मध्ये जर्मनीतील ग्रेफेनहाउझेन येथे जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या ट्रकचालकांनी थकलेल्या वेतनासाठी महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळावर गाड्या उभ्या केल्या. पोलंडचा मालक खासगी सुरक्षारक्षकांचा ताफा घेऊन आला, तेव्हा पोलिसांनी त्या ताफ्यालाच अडवले. अखेर सुमारे तीन लाख युरो चालकांच्या हाती पडले. पण त्यांच्या पाठीशी तेथील कामगार संघटना आणि अन्न पुरवणारे नागरिक उभे होते. देवरीच्या एकट्या चालकामागे कोण उभे आहे?

हा प्रश्न परका नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणात वेतन न देणाऱ्या धन्याला दंड सांगितला आहे आणि ठरलेले वेतन नाकारणाऱ्याला त्याहून मोठा. त्याच प्रकरणात तो म्हणतो की मजूर आणि धनी यांच्यातील ठराव शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असावा. म्हणजे साक्षीदार असणे हे शेजाऱ्याचे काम मानले गेले होते. आज मिलच्या काट्यावरचा मुनीम, धाब्यावरचा मालक, दुसऱ्या गाडीचा चालक यांना सारे माहीत असते; साक्षीच्या दिवशी मात्र कोणी येत नाही.

आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा वर्गसंघर्षाचा सिद्धांत नाकारून उद्योग हे एक कुटुंब मानले. अनेकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला, की कुटुंबात पैसे कशाला मागायचे? ठेंगडींना तो अर्थ कधीच मान्य नव्हता. कुटुंबप्रमुख मुलांना उपाशी ठेवून स्वतः जेवत नाही. वेतन संहितेचे मजदूर संघाने स्वागत केले आणि औद्योगिक संबंध संहितेतील काही तरतुदींवर आक्षेपही घेतला, तो याच भूमिकेतून.

स्पष्टच बोलायचे, तर दोन-तीन ट्रकांचे मालक, मिलचालक, आडते हे दूरचे कोणी नाहीत. ते उत्सवाला वर्गणी देतात, शाखेत येतात, सभागृहात पहिल्या रांगेत बसतात. मालकाचीही अडचण खरी असते. मिलकडून भाडे महिनोन्‌महिने येत नाही, बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो. पण भाडे थकल्याचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणे हा त्यावरचा उपाय नाही. निदान नेमणुकीची चिठ्ठी आणि महिन्याची वेतनचिठ्ठी देणे, परवाना चालकाजवळच ठेवणे, एवढे आजच सुरू करता येईल. त्याला खर्च येत नाही.

कार्यकर्त्यांसाठी काम साधे आहे. चालकाबरोबर कामगार कार्यालयात जाणे, अर्ज लिहून देणे, तारखेला सोबत बसणे. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. तो धाब्यांच्या भिंतींवर, पेट्रोल पंपांवर आणि मिलच्या काट्याजवळ ठळक अक्षरांत लिहिलेला असावा, आणि तो लिहिण्याचे काम यंदाचा धान गिरणीत येण्यापूर्वी व्हावे.