लग्न लावणारी बाई

लग्न कोण लावतं, असं विचारलं की आपण पटकन म्हणतो, भटजी. कुठे काझी, कुठे पाद्री. बहुतेक पुरुषच. 2008 साली इजिप्तमध्ये अमल सोलिमान या बाईंची निकाह लावून त्याची नोंद करण्यासाठी नेमणूक झाली, तेव्हा तिथे केवढी चर्चा झाली होती! इंग्लंडच्या चर्चमध्ये बायकांना पाद्री व्हायला 1994 साल उजाडावं लागलं.

आता आपल्या जवळचं ऐका. गोरेगावची आरे वसाहत आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. एका अंगाला मुंबईच्या इमारती, दुसऱ्या अंगाला वारल्यांचे पाडे. पालघर, डहाणू, तलासरीकडेही हाच समाज. वारली रीतीनं लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. ती गाते आणि गाण्यातूनच देवांना बोलावते, विधी पुढे नेते. पोथी नाही, सगळं तोंडपाठ, एकीकडून दुसरीकडे आलेलं. आगरी-कोळ्यांत तिला धवलारीण म्हणतात.

लग्नघरात आधी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. मध्ये पालघाट देवी, शेजारच्या लहान चौकात पाचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न नाही. तो काढायचा सवाशिणींनी. (विधवेचा हात का चालू नये, हा प्रश्न मला पडतोच.)

1970च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, विकली जाऊ लागली. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण खरंच. पण पिढ्यान् पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांची नावं कुणाला माहीत आहेत? धवलेरीचंही तसंच व्हायची मला भीती वाटते. डीजे लागला, भटजी बोलावणं मानाचं वाटू लागलं, की ती म्हातारी मांडवाच्या कोपऱ्यात बसते.

काहींना वाटतं, धवलेरीनं लावलेलं लग्न सरकारात चालत नाही. तसं नाही. 1955च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा वर किंवा वधू, कुणाही एकाच्या रूढीप्रमाणे झालेलं लग्न चालतं. आदिवासी जमातींना तर केंद्र सरकारनं तसं जाहीर केल्याशिवाय तो कायदा लागूच होत नाही, त्यांची रूढीच धरली जाते.

नोंदणी मात्र करायचीच. महाराष्ट्रात त्यासाठी 1998चा कायदा आहे. पुढे वारसा, पेन्शन, पोटगी यांचा प्रश्न आला की बाईच्या हातात कागद लागतो. नोंदणीच्या अर्जात लग्न लावणाऱ्याचं नाव आणि सही असते. तिथे धवलेरीचं नाव लिहा. सही येत नसेल तर अंगठा द्यायची सोय विचारून घ्या.

तुमच्या गटात कुणाची आजी धवलेरी असेल, तर तिला विचारून तिची गाणी मोबाईलवर भरून घ्या. पण गाणं नुसतं मोबाईलवर राहून लग्न लागत नाही. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होईल. तेव्हा तिच्याशेजारी दोन तरुण मुली बसवा, मागून म्हणायला.