खुराड्यातील दिवा

बदलीच्या निमित्ताने मी कोलकात्याजवळच्या बजबजला राहावयास आलो, तेव्हा हुगळीकाठच्या या गावाने प्रथम माझे वेळेचे गणितच चुकविले. डिसेंबरात येथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये साडेतेरा तासांचा असणारा दिवस तेव्हा जेमतेम पावणेअकरा तासांचा उरतो. माझ्या आधी ही गोष्ट परसातील आठ कोंबड्यांनी ओळखली. कार्तिक सरता सरता त्यांची अंडी जवळजवळ बंद झाली.

शेजारी म्हणाले, “थंडी बाधली.” परंतु येथील थंडी ती किती! खरे कारण होते अंधार. प्रकाश कोंबडीच्या डोळ्यांतून तर जातोच, पण कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूपर्यंत पोहोचतो. मग तेथील ग्रंथी संप्रेरके सोडते आणि अंडाशय कार्यास लागते. त्यासाठी रोज सुमारे चौदा तासांचा उजेड लागतो.

उपाय सोपा आहे. खुराड्यात वर्तमानपत्र वाचता येईल इतक्या उजेडाचा पिवळसर दिवा लावावा. तो पहाटे लावावा. सायंकाळी दिवा एकाएकी मालवला, तर कोंबड्यांना बसण्याची दांडी सापडत नाही. आठवड्याला अर्धा तास असा उजेड वाढवीत न्यावा. तलंगांना मात्र वाढ पुरी होईपर्यंत यातून वगळावे. ऐन डिसेंबरात मी पहाटे तीनला दिवा लावी, तेव्हा शेजारच्या बाबूंनी विचारले, “तुमच्या कोंबड्या कोणत्या परीक्षेला बसल्या आहेत?”

परीक्षेत नापास झालो तो मीच. भाचीच्या लग्नासाठी दहा दिवस पुण्याला गेलो आणि दिव्याची व्यवस्था कोणाकडेही सोपविली नाही. परतलो तो खुराडे पिसांनी भरलेले! तीन तासांचा उजेड अचानक नाहीसा होताच कोंबड्यांनी पिसे गाळण्यास आरंभ केला होता. पुढे कित्येक आठवडे एकही अंडे मिळाले नाही; खाद्य मात्र घालावेच लागले. आता वेळेवर आपोआप चालणारा खटका बसविला आहे.

आणखी एक गोष्ट. दिवा अंडे निर्माण करीत नाही. ते कोंबडीच्या शरीरातूनच येते. एका कवचातच सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. सकस खाद्य, शिंपल्यांचा चुरा आणि स्वच्छ पाणी न देता केवळ उजेड वाढविणे म्हणजे तिच्या हाडांतून वसुली करणे होय. हे सारे नियमाने करणे जमणार नसेल, तर हिवाळ्यात तिला खुशाल विश्रांती घेऊ द्यावी. निसर्गाने ती तिला दिलेलीच आहे.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. दिवा लावून मात्र कोंबडीपुरते उजाडविता येते. पण एकदा उजाडविले की ते रोज, त्याच वेळी उजाडविण्याची जबाबदारी आपल्यावर येते. तेवढी पत्करण्याची तयारी असेल, तरच खुराड्यात दिवा लावावा.