जाळें न विणणारा कोळी

दिवाळीपूर्वींची झाडलोट सुरू झाली, कीं घरोघरीं पहिला कुंचा फिरतो तो कोळ्यांवर. कोळिष्टकें हें अस्वच्छतेचें चिन्ह, आणि त्या न्यायानें प्रत्येक कोळी अपराधी ठरतो. परंतु ह्या शिक्षेंत एक निरपराधीहि सांपडतो. खिडकीच्या चौकटीवर थांबत थांबत चालणारा, बोटाच्या चाहुलीनें गर्रकन् वळून पाहणारा आणि पापणी लवण्यापूर्वीं माशीवर झेप घालणारा जो आखूड पायांचा केसाळ कोळी असतो, तो भक्ष्यासाठीं जाळें विणीतच नाहीं. पाळून पाहण्यास ह्याच्याइतका कमी खर्चाचा प्राणी दुसरा क्वचितच मिळेल.

जालना जिल्ह्यांत भोकरदन तालुक्यांतील केदारखेड्याच्या घरांत काय किंवा मुंबईच्या चाळींत काय, ह्याच्यासाठीं वणवण करावी लागत नाहीं. उजेडाच्या भिंती, दारांच्या चौकटी आणि कुंपणाचीं झुडपें हीं त्याचीं ठिकाणें. कपाशीच्या शेतांतहि त्याचे भाऊबंद लहान किडींवर जगतात. जगांत ह्या कुळाच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, आणि नव्या अद्याप मिळतच आहेत. ठाणें परिसरांत आढळलेल्या अशाच एका जातीस २०२१ सालीं ‘आयसियस तुकारामी’ हें नांव देण्यांत आलें. २००८ सालच्या नोव्हेंबरांत मुंबईवरील हल्ल्याच्या रात्रीं हल्लेखोराची बंदूक धरून ठेवीत प्राण वेंचणारे पोलिस अधिकारी तुकाराम ओंबळे ह्यांचें तें स्मारक होय.

ह्या कोळ्यास आठ डोळे असतात. बाजूचे डोळे हालचालीची वर्दी देतात, आणि मग समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनीं नीट पाहण्यासाठीं तो तोंड वळवितो. पाळणाऱ्यास ती ओळख वाटते. वस्तुतः ती पाहणी असते. त्याच्या उडीचें रहस्य याहूनहि नवलाचें आहे. टोळासारखे पुष्ट स्नायू त्याच्या मागच्या पायांत नसतात. अंगांतील द्रव जोरानें पायांत लोटून तो ते ताणतो आणि झेप घेतो. तत्पूर्वीं रेशमाचा एक धागा पायाखालीं चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी तो अधांतरीं तरतो. अंगांतील पाणी कमी झालें, कीं हेच पाय आंत मुडपूं लागतात. म्हणून अन्नापेक्षां पाण्याची काळजी आधीं घ्यावी.

कोळी धरतांना बोटें वापरूं नयेत. त्यावर पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवावा. सहसा तो चावत नाहीं, आणि चावला तरी माणसास बहुधा धोका नसतो. अंड्यांच्या पिशवीपाशीं बसलेल्या मादीस मात्र हात लावूं नये. राहण्यास पारदर्शक डबा पुरे. हवेसाठीं बारीक भोंकें आणि आंत एखादी काटकी ठेवावी. कोळी आपलें घरटें वरच्या कोपऱ्यांत बांधतो; यास्तव डब्याचें तोंड बाजूस असावें, नाहींतर झांकण उघडतांना दर वेळीं त्याचें घर मोडतें. एका डब्यांत एकच कोळी ठेवावा. दोघांपैकीं एक दुसऱ्यास खाण्याचा संभव असतो. डबा उजेडांत असावा, उन्हांत नसावा. केदारखेड्याच्या बाजूस उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो; तेथें उन्हांतला बंद डबा म्हणजे भट्टीच.

रोज डब्याच्या भिंतीवर पाण्याचे दोनचार बारीक थेंब उडवावे. आठवड्यांतून दोनतीन वेळां जिवंत माशी, डांस किंवा लहान पतंग सोडावा. भक्ष्य कोळ्याहून मोठें नसावें. पोट फुगीर दिसलें, तर घाई करूं नये. औषध फवारलेल्या शेतांतील अथवा घरांत फवारणी केल्यावर मिळालेला किडा कधींहि देऊं नये. त्यांतलें विष कोळ्यासहि मारतें.

खरी परीक्षा पुढें आहे. कोळी वाढतो तो कात टाकून. त्यासाठीं तो पांढऱ्या रेशमाच्या पिशवींत दडतो आणि कित्येक दिवस अन्नास शिवत नाहीं. नवशिका येथेंच चुकतो. कोळी मेला कीं काय, ह्या शंकेनें तो पिशवी उसवितो, आणि कोंवळ्या अंगास झालेली इजा पुष्कळदां प्राणावर बेतते. ह्या दिवसांत थोडा ओलावा राखावा, भक्ष्य सोडूं नये आणि डब्यास हात लावूं नये. कुत्र्यामांजरांस पाळणें म्हणजे त्यांच्याजवळ जाणें. कोळ्यास पाळणें म्हणजे योग्य वेळीं दूर राहणें. मुलांस ही शिकवण पुस्तकांतून मिळणें कठीण.

त्याचें आयुष्य बहुधा वर्षाच्या आसपासचें. तें सारें डब्यांत जावें असें नाहीं. कांहीं आठवडे निरीक्षण झालें, कीं धरला त्याच भिंतीवर सकाळच्या वेळीं त्यास सोडावें; तो दिवसा शिकार करणारा आहे. डबा रिकामा झाला तरी घरांतल्या मुलांस त्याची जागा ठाऊक झालेली असते, आणि झाडलोटीच्या दिवशीं कुंचा तेथें पोंचण्याआधीं तीं पोंचतात.