न पाहिलेला टोला



गोल्फ हा खेळ आपल्या गावांत कोणी खेळत नाही. त्याला एकरच्या एकर जमीन लागते. आपल्या मुलांना विटीदांडूसाठी देवळामागची मोकळी जागा पुरते. तरीही त्या खेळातील एक प्रसंग आपल्या कामाच्या फार जवळचा आहे.

ह्या खेळाचे पहिले तेरा नियम स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळील लीथ येथे १७४४ साली लिहिले गेले. काठीने चेंडू टोलवीत एकामागून एक अठरा भोकांत घालावयाचा. ज्याचे टोले कमी, तो विजयी. मोठ्या सामन्यांत पंच असतात. पण गवताझुडपांत शिरणाऱ्या प्रत्येक खेळाडूमागे ते कोठवर फिरणार? म्हणून आपल्या हातून नियमभंग झाल्यास तो खेळाडूने स्वतःच सांगावा, असा शिरस्ता आहे.

१९२५ साली अमेरिकेची खुली स्पर्धा मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे झाली. बॉबी जोन्स हा तेवीस वर्षांचा खेळाडू उंच गवतातील चेंडू टोलविण्याच्या तयारीत असता चेंडू किंचित हलला. ते कोणीही पाहिले नव्हते. पंचांनी त्याला पुन्हा विचार करण्यास सांगितले, तरी त्याने एका टोल्याचा दंड मागून घेतला. चार फेऱ्यांअखेर त्याचे व विली मॅकफार्लेनचे टोले सारखेच, २९१, भरले. तो एक टोला नसता तर अजिंक्यपद तेथेच त्याचे झाले असते. दुसऱ्या दिवशी छत्तीस भोकांचा निर्णायक सामना झाला आणि जोन्स एकाच टोल्याने हरला. लोकांनी वाखाणणी केली, तेव्हा ती त्याला रुचली नाही. पेढी लुटली नाही म्हणून कोणी कोणाची स्तुती करते काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

हाच जोन्स १९२१ साली सेंट अँड्रूज येथे खेळ बिघडताच चेंडू उचलून स्पर्धेतून निघून गेला होता, हेही आपण ध्यानात ठेवावे. तो काही जन्मतःच शहाणा नव्हता.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर एखादा मुलगा येऊन म्हणतो, “गुरुजी, बेरजेत एक गुण जास्त पडला आहे.” आपण त्याची पाठ थोपटतो, त्याला वर्गापुढे उभा करतो आणि गुण तसाच ठेवतो. ह्यात हेतू चांगला असला, तरी रीत मला पटत नाही. अशाने खरे बोलणे हा फायद्याचा सौदा ठरतो, आणि चार दिवसांनी दुसरा मुलगा शाबासकीसाठी चूक शोधून आणतो. वूस्टरच्या पंचांनी टोला मोजला, म्हणूनच जोन्सच्या शब्दाला किंमत राहिली. गुण कमी करावा, “बरोबर आहे, बैस” एवढेच म्हणावे व पाठ पुढे चालवावा.

उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागत असतील आणि त्या मुलाचे नेमके ३५ असतील तर? येथे हात अडखळतो, आणि तो अडखळावाच. तरीही ३४ लिहावेत. मात्र त्याच दिवसापासून शाळा सुटल्यावर त्या मुलाला अर्धा तास जवळ बसवून घ्यावे. पुढील चाचणीत एक गुण अधिक मिळविण्यास तेवढे पुष्कळ होते.