कामसू माणसास जपावे कसे?



आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची दुकाने व लहानमोठे कारखाने आहेत; काही मंडळी कचेऱ्यांतून अधिकाराच्या जागी आहेत. चार माणसांकडून काम करवून घेणे ज्यांच्या वाट्यास आले आहे, त्यांच्याशी आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. आळशी माणसास कामास कसे लावावे, याची चिंता प्रत्येक धनी वाहतो. कामसू माणूस खचू नये म्हणून काय करावे, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो.

जो काम करतो त्याच्याच अंगावर काम पडते, हा जगाचा रिवाज आहे. वर्गातदेखील फळा पुसण्यास शिक्षकांची हाक त्याच एका मुलास जाते! परंतु कामसू माणूस तक्रार करीत नाही, म्हणून त्याची झीज दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती सरल्यासारखी वाटणे, कामाविषयी मन विटणे आणि हातून पूर्वीसारखे काम न होणे. त्या संघटनेने तीस रोग म्हटलेले नाही. तिचा संबंध कामाशी जोडला आहे. अर्थात केवळ औषधाची बाटली देऊन धन्याची सुटका नाही.

विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, हे आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी फार पूर्वी सांगितले. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत त्यांनी ज्या मागण्या पुढे ठेवल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. रविवार मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले. जर्मनीत येना येथे अर्न्स्ट आबे यांनी १९०० साली दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारखान्यातील दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. उत्पादन घटले नाही, उलट किंचित वाढले.

गिरणीतील कामगारास निदान भोंगा तरी होता. आमची खरी काळजी निराळीच आहे. गावाहून आणलेला भाचा, पुतण्या अथवा ज्ञातीतील एखादा होतकरू मुलगा दुकानात राहतो, तेथेच जेवतो, तेथेच निजतो. 'घरचाच माणूस' म्हटला की त्यास ना वेळ, ना सुट्टी, ना जादा तासांचा मोबदला! परक्या नोकरास जे आपण कायद्याच्या भयाने देतो, ते आप्तास नात्याच्या नावाखाली नाकारतो. रात्री दहा वाजता हिशेबासाठी त्यास हाक मारावी, तर तो 'मामा, आज नको' असे कसे म्हणणार? खांदा सुजलेला बैल शहाणा शेतकरी औतास जुंपीत नाही. येथे तर खांदा दाखविण्याचीही सोय नाही.

तेव्हा धन्याने स्वतःच विचारावे, आणि एकांतात विचारावे. कोणाकडे किती काम आहे हे महिन्यातून एकदा कागदावर मांडावे. एकाच नावापुढे भार साचला असेल तर तो तेथल्या तेथे दुसऱ्याकडे द्यावा. दिवाळीचा हंगाम आता जवळ आला आहे. त्या दिवसांत रात्री जागाव्या लागतील, हे आम्हांस ठाऊक आहे. मात्र दिवाळीनंतरच्या पाळीपाळीच्या सुट्ट्यांची यादी आजच भिंतीवर लावावी, आणि तीत पहिले नाव दुकानातील सर्वांत कामसू माणसाचे असावे.