कारागिराचा मान


सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्यावाचून गावगाडा चालत नसे.
सुगीला त्यांना खळ्यावर धान्य मिळे.
तेच बलुतं.

काम सगळ्यांना हवं होतं.
मान मात्र जातीवर ठरे.
चांभाराने शिवलेली वहाण चाले, त्याचा स्पर्श चालत नसे.
हा उघड अन्याय होता.

आज गवंडी, प्लंबर, वायरमन रोख मजुरी घेतात.
कमाई बरी असली,
तरी लग्नाच्या बोलणीत नोकरीवालाच पुढे असतो.
काम हवं, मान मात्र कमी.

याला एक कारण आहे: नोकरीत पगार ठरलेला असतो.
कारागिराला भरपगारी रजा नाही, पेन्शनही आपोआप मिळत नाही.

2023 साली कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली.
तीत 18 पारंपरिक व्यवसायांतल्या कारागिरांना ओळखपत्र, प्रशिक्षण आणि कर्ज मिळतं.
गवंडी त्यात आहे.
प्लंबर आणि वायरमन नाहीत.