डब्यातला प्रोसेसर आपणच ओळखू या

(पणदरे, ता. बारामती येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, की हे आपल्या बैठकीत कशाला? टेबलावरच्या संगणकात कोणता प्रोसेसर बसवलाय ते कसं ओळखायचं, हा विषय दुकानदाराचा किंवा कॉलेजातल्या मुलांचा. पण मी तो मुद्दाम घेतलाय, कारण यात आपला पैसा आहे आणि आपला मानही आहे.

गटातली एखादी बाई म्हणते, मला सेवा केंद्र चालवायचंय, झेरॉक्स-टायपिंगचं काम सुरू करायचंय, संगणकासाठी कर्ज द्या. गट ठराव करतो, हप्ते ठरतात. नवा संगणक परवडत नाही म्हणून जुना घ्यायचं ठरतं. इथपर्यंत सगळं आपण करतो. आणि मग म्हणतो, "भाऊ जाऊन बघून आणेल."

म्हैस घ्यायची असती तर आपण असं केलं असतं का? आपण दात बघितले असते. कितव्या वेताची, ते विचारलं असतं. दोन वेळचं दूध समोर काढायला लावलं असतं. विकणारा "लई गुणाची हाय" म्हणाला म्हणून कुणी पैसे मोजत नाही. मग संगणकापाशी आल्यावरच आपले प्रश्न का संपतात? अक्कल कमी म्हणून नव्हे. कोणते प्रश्न विचारायचे ते आपल्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच. ते आज सांगते.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे टेबलाखालच्या सबंध डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात. "सीपीयू दुरुस्तीला दिलाय" असं आपण सर्रास बोलतो. खरं तर तो डबा म्हणजे नुसती पेटी, कॅबिनेट. सीपीयू म्हणजेच प्रोसेसर, आणि तो त्या पेटीत एका मोठ्या पाटीवर बसवलेला असतो. साधारण पावणेचार सेंटिमीटर लांब-रुंद, बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. वरून धातूचं झाकण, त्यावर उष्णता ओढून घेणारी पेस्ट, त्यावर पंखा. हिशेब, टायपिंग, फॉर्म भरणं, जे काही काम संगणक करतो त्याची सगळी आकडेमोड या तुकड्यात होते. पेटी चकचकीत असली म्हणून आतला तुकडा चांगला असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट स्टिकरची. पेटीच्या तोंडावर 'इंटेल इनसाइड'चं चिकटपत्र असतं. ही जाहिरात कंपनीने 1991 साली सुरू केली आणि तेव्हापासून लोकांना चिकटपत्र बघून माल घ्यायची सवय लागली. पण चिकटपत्र पेटीला असतं, प्रोसेसरला नव्हे. आतला तुकडा बदलला तरी बाहेरचं तसंच राहतं. एका पेटीवरचं काढून दुसरीवर लावायलाही काही कष्ट पडत नाहीत. तेव्हा चिकटपत्र हा पुरावा मानायचा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि फसगत बहुतेक इथेच होते. दुकानदार सांगतो, "ताई, आय-7 आहे, टॉपचं मशीन!" आपण ऐकलेलं असतं की आय-3 लहान, आय-5 मधलं आणि आय-7 मोठं. ते एकाच वर्षी निघालेल्या प्रोसेसरांपुरतं बरोबर आहे. पण ही नावं 2008 ते 2010 या काळात आली आणि तेव्हापासून दरवर्षा-दोन वर्षांनी त्याच नावाखाली नवी पिढी निघत गेली. म्हणून नुसतं 'आय-7' म्हणणं म्हणजे नुसतं 'म्हैस' म्हणणं. कितव्या वेताची, ते विचारायचं राहिलंच!

ही पिढी नावापुढच्या आकड्यात असते. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी. आय-7 2600 म्हणजे दुसरी पिढी, 2011 सालची. आय-3 8100 म्हणजे आठवी पिढी, 2017 सालची. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक बघायचे. आय-5 10400 म्हणजे दहावी, 12400 म्हणजे बारावी. आणि आकडा तीनच अंकी असेल, आय-7 870 असा, तर ती अगदी पहिली पिढी. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांतही पहिला अंक मालिका सांगतो. एक हजाराची मालिका 2017 ची, पुढच्या त्यानंतरच्या. 2023 च्या अखेरीपासून इंटेलच्या काही नव्या प्रोसेसरांवर 'कोअर अल्ट्रा' असं नाव येतं. तिथेही पुढचा आकडा लिहून घ्यायचा आणि तो कोणत्या सालचा ते विचारायचं.

यात पैशाचा प्रश्न कुठे येतो? विंडोज 10 या प्रणालीचा नियमित आधार कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. त्यापुढची विंडोज 11 ही प्रणाली इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या आणि रायझनच्या बहुतेक दोन हजारच्या मालिकेपासून पुढच्या प्रोसेसरांनाच कंपनी रीतसर देते. म्हणजे वरच्या उदाहरणातला 'छोटा' आय-3 8100 त्यात बसतो आणि 'मोठा' आय-7 2600 बसत नाही. कचेऱ्या आणि कंपन्या नव्या प्रणालीसाठी जुनी यंत्रं काढतात, ती बाजारात येतात, आणि आपल्यासारख्यांच्या दारात 'आय-7, टॉप' म्हणून उभी राहतात. दुसऱ्या पिढीचं यंत्र अगदीच टाकाऊ असतं असं मी म्हणत नाही. त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घालून पत्रं लिहिणं, गटाचा हिशेब ठेवणं चालू शकतं. पण मग भावही दुसऱ्या पिढीचा हवा. भाकड म्हशीला दुभत्या म्हशीचे पैसे कुणी देत नाही.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं? पेटी उघडायची गरज नाही. संगणक विकत घेण्याआधी तो बंद करायला सांगा आणि आपल्यासमोर पुन्हा सुरू करायला लावा. सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते. तिच्यात परफॉर्मन्स, त्यात सीपीयू निवडा. उजवीकडे वरच्या बाजूला प्रोसेसरचं पूर्ण नाव आकड्यासकट दिसतं. खाली त्याचा मूळ वेग आणि कोअर किती, म्हणजे काम करणारे भाग किती, तेही असतं. हीच माहिती सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या वाटेनेही मिळते.

एवढ्यावर थांबू नका. विंडोजच्या आत दिसणाऱ्या नावात खटपट करून फेरफार करता येतो. म्हणून दुसऱ्या काट्यावरही वजन करायचं. आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको. उसाची गाडी बाहेरच्या काट्यावर आधी तोलून बघू द्या, ही मागणी शेतकरी संघटना करत आल्या ती याचसाठी. संगणकाचा दुसरा काटा म्हणजे बायोस. संगणक सुरू होतानाच डिलीट किंवा एफ-2 ही कळ दाबत राहा. विंडोज यायच्या आधीचा एक पडदा येतो, त्यावर प्रोसेसरचं नाव असतं. "यात अजून विंडोज टाकलेलं नाही, नंतर बघा" असं कुणी म्हणालं, तरी बायोस दिसतोच. त्यासाठी विंडोज लागत नाही. दोन्हीकडे नाव एकच आलं, की वहीत उतरवून घ्या.

"बाईला कशाला एवढी चौकशी?" असं तोंडावर कुणी म्हणेल. म्हणू दे. या बाबतीतली एक जुनी गोष्ट सांगते. 1994 साली इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक निघाली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या एका कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या ती लक्षात आली. कंपनीने आधी काय म्हणावं? ज्याला खरोखर गरज आहे त्याने ती पटवून द्यावी, मग बदलून देऊ. सोसणाऱ्यानेच सिद्ध करायचं, ही रीत आपल्याला नवी नाही! पण एव्हाना एक सोपी कसोटी लोकांच्या हाती आली होती. 4195835 ला 3145727 ने भागा, उत्तराला पुन्हा 3145727 ने गुणा, आणि ते मूळ आकड्यातून वजा करा. उत्तर शून्य यायला हवं. सदोष प्रोसेसरवर ते 256 यायचं. घरबसल्या कुणीही ही परीक्षा घेऊ शकत होतं. ओरड वाढत गेली आणि 20 डिसेंबर 1994 रोजी कंपनीला जाहीर करावं लागलं, की मागेल त्याला बदलून देऊ. त्यापायी कंपनीला 47 कोटी 50 लाख डॉलरचा बोजा सोसावा लागला. कसोटी लोकांच्या हातात आली, म्हणून एवढी मोठी कंपनी वाकली.

आणि बायकांचा या तुकड्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना हेही सांगा. इंटेलने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला कारखाना 1972 साली मलेशियात पेनांगला काढला. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून केसासारख्या बारीक तारा जोडायला बसल्या त्या मुख्यतः तरुण मुली. जुन्या कितीतरी प्रोसेसरांच्या झाकणावर 'मलाय' अशी अक्षरं कोरलेली आहेत. जगभरच्या टेबलांवर गेलेला हा माल बायकांच्या हातातून गेलाय. तो बनवायला बाईचे हात चालतात, मग तो पारखायला बाईचे डोळे का चालू नयेत?

शेवटचा मुद्दा बिलाचा. तोंडी सांगितलेलं उद्या कुणी मानत नाही. बिलावर नुसतं 'संगणक संच, एक' असं लिहून घेऊ नका. प्रोसेसरचं पूर्ण नाव आकड्यासकट, रॅम किती, डिस्क किती, वॉरंटी किती दिवसांची, आणि माल जुना असेल तर 'जुना' असं लिहून घ्या. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी 2019 चा कायदा आला आणि तो 2020 पासून लागू झाला. वस्तूचा दर्जा आणि भाव यांची माहिती मिळणं हा त्यात आपला हक्क आहे. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. घरच्या वापरासाठी किंवा स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही. 1915 या क्रमांकावर आधी सल्ला विचारता येतो. पण या सगळ्याला हातात कागद हवा, आणि कागदावर तो आकडा हवा.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गटाने दोघीजणी ठरवाव्यात. त्यांनी या आठवड्यात ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा कुणाच्या घरी असलेल्या संगणकावर, विचारून, आज सांगितलेल्या दोन्ही रीतींनी प्रोसेसरचं नाव काढून बघावं आणि वहीत लिहावं. पुढच्या बैठकीत त्या वह्या घेऊन या. कितवी पिढी, कोणतं साल, ते आपण मिळून लावू. आणि यापुढे संगणकासाठी कर्जाचा अर्ज आला, तर ठरावात एक ओळ वाढवा: गटातल्या दोघींनी प्रोसेसर तपासल्यावर आणि तो बिलावर लिहून घेतल्यावरच रक्कम द्यावी. भावाने बरोबर यायला हरकत नाही. कळा मात्र आपण दाबायच्या.